चेसी कार्बन

मानवजातीने चाकाचा शोध लावला आणि त्यानंतर सांगवीत भीमाआबांच्या पोल्ट्रीमध्ये ‘सर्जा’ तयार झाला. मधल्या काळात सांगण्यासारखं विशेष काही घडलं नाही, असं नीळकंठकाकांचं मत होतं. हे मत त्यांनी मे महिन्यातल्या एका सकाळी, हातातला रिमोट उंचावून, घरच्या सगळ्यांसमोर मांडलं. मग त्यांनी बटण दाबलं. सर्जा सुसाट मागे गेला आणि शेणाच्या पाटीत जाऊन थांबला.

"रिव्हर्स उत्तम आहे," काका म्हणाले.

सर्जा हे नाव बैलाचं असलं तरी ती रिमोटवर चालणारी गाडी होती, बुटाच्या खोक्याएवढी. आणि तीही आयती नव्हे. सुटे भाग खोक्यात मिळणार, मुलांनी स्क्रू पिळून ती स्वतः जोडायची, मोडली तर स्वतः दुरुस्त करायची. या एका कल्पनेपायी काकांनी चाकणच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडली होती आणि आबांची रिकामी पोल्ट्री भाड्याने घेतली होती. कोंबड्या गेल्या होत्या. वास अजून मुक्कामाला होता.

आसावरीकाकूंनी या सगळ्याला एकच अट घातली होती. पुण्याच्या माधवी खरे यांची खेळण्यांची दुकानं होती आणि रविवारी त्या सर्जा बघायला येणार होत्या. त्यांनी सर्जा दुकानात ठेवायचं कबूल केलं, तर पोल्ट्री चालू. नाही केलं, तर सोमवारी काकांनी चाकणला फोन लावायचा. तिथले जुने साहेब अजून जागा राखून होते.

ही अट अद्वयच्या डोक्यात सारखी फिरत होती. तो बारामतीचा, नुकताच आठवीत गेलेला, दर सुट्टीत काकांकडे येणारा. त्याच्या ओळखीच्या मोठ्या माणसांत "अभ्यास कसा चाललाय?" हे न विचारणारे काका एकटेच होते. ते विचारायचे, "हा स्क्रू कशाचा उरला असेल?" आणि उत्तराची खरोखर वाट बघायचे. चाकणला गेले की ते शनिवारी येणार, रविवारी झोपणार आणि उठल्यावर अभ्यासाचं विचारायला लागणार, याची अद्वयला खात्री होती.

म्हणून काकांनी त्याला सर्जाचा फोटोग्राफर नेमलं, तेव्हा त्याने ते काम फार मनावर घेतलं. मागे पडदा म्हणून काकूंची काळी साडी लावली. उजेड परतवायला गेल्या गणपतीतला थर्माकोल. तो धरायला काकांची मुलगी, नाव पूर्वी. ती अद्वयपेक्षा वर्षाने लहान होती आणि हे तिला मान्य नव्हतं. आबांचा नातू यशराज माशा हाकलायला होता, कारण पोल्ट्रीतल्या माशांना सर्जाचं फार कौतुक होतं.

"चांगले फोटो तेवढे ठेव," काकांनी बजावलं. "हललेले, चिखलातले, उलटेपालटे सगळे डिलीट."

अद्वयने डिलीट काही केले नाहीत. त्याने फोनमध्ये ‘खराब’ नावाचा कप्पा केला आणि सगळे त्यात ढकलले.

खरा प्रश्न होता चेसीचा. चेसी म्हणजे गाडीचा तळ, ज्या पाटीवर मोटर, बॅटरी, चाकं सगळं बसतं ती. काकांनी एकाच आकाराच्या चार पाट्या करून घेतल्या होत्या.

"ॲल्युमिनियम मजबूत, पण जड," काका एकेक उचलून सांगत. "नायलॉन स्वस्त, पण उन्हात मऊ पडतं. आणि हे कार्बन फायबर. विमानाला वापरतात. हलकं, आणि वाकणार नाही. हातात घेताच कळतं, हा कार्बन."

"आणि हे?" अद्वयने चौथी पाटी उचलली.

"ते प्लायवूड. ते नुसतं तुलनेसाठी."

प्रत्येक पाटीवर पेन्सिलीने नाव घालायचं काम पूर्वीकडे होतं. काळ्या कार्बनवर पेन्सिल उमटेना, तेव्हा ती म्हणाली, "जी काळी ती कार्बन. लिहायचं कशाला?" सगळ्यांना ते पटलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

गाडीवर झोकदार अक्षरांत नाव हवं होतं. इंदापूरला काकांचे वर्गमित्र झुंबरकाका यांचं रेडियमचं दुकान होतं, म्हणजे गाड्यांवर स्टिकर कापून चिकटवण्याचं. भीमाआबा तिकडे भाचीच्या साखरपुड्याला निघालेच होते. काकांनी गाडीची बॉडी आणि चारही पाट्या एका पिशवीत घालून त्यांच्या हातात दिल्या आणि झुंबरकाकांना फोनवर आवाजी निरोप पाठवून काय ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पिशवी परत आली. बॉडीवर लाल-पिवळ्या अक्षरांत ‘सर्जा’ आणि खाली चकचकीत काळी चेसी. काका ती उचलून धरत आल्यागेल्याला म्हणायला लागले, "वजन बघा. हातात घेताच कळतं."

फोटोंचा धडाका सुरू झाला. काका स्वतः गाडी चालवत. त्यामुळे सर्जा ट्रॉलीवरून पडला, हौदाच्या कठड्यावरून पडला, आबांच्या बुलेटखाली गेला आणि उसाच्या सरीत बुडाला. ‘खराब’ कप्पा भरत चालला.

शुक्रवारी दुपारी लाईट गेली, म्हणून सगळे आंब्याखाली बाजेवर येऊन बसले. अद्वय माहितीपत्रकासाठी फोटो निवडत होता. निवडता निवडता तो एका फोटोपाशी थांबला, मग मागच्या आठवड्यातल्या फोटोवर गेला, मग परत आला.

"पूर्वी, हे बघ."

"काळं दिसतंय."

"मोठं करून बघ ना. हा आधीचा, पाटी नुसती साडीवर ठेवलेली. चटईसारखी वीण आहे, आणि ती तिरकी आहे. आणि हा परवाचा. इथं वीण सरळ आहे. आणि या कोपऱ्यात हे काय?"

पूर्वीने फोन डोळ्याजवळ नेला. "फोड आलाय."

"कार्बनला फोड येतो व्हय?" यशराज मध्येच डोकावला.

"येत नाही," अद्वय म्हणाला. "म्हणजे ही ती पाटी नाही."

यशराजने आजूबाजूला पाहिलं. सुट्टी लागल्यापासून तो एखाद्या टोळीची वाट बघत होता. "पाटी बदलली कुणीतरी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "टोळी आसंल."

"सांगवीत कार्बन चोरणारी टोळी?"

"हिरीवरच्या मोटारीची केबल चोरत्यातच की. आता पुढं गेली आसंल."

पूर्वी उठून पोल्ट्रीत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. "ॲल्युमिनियम आहे. नायलॉन आहे. प्लाय नाहीये."

"प्लाय कोण चोरंल?" यशराजला हे टोळीच्या दर्जाला शोभणारं वाटलं नाही.

तिघं काकांकडे गेले. काका भाषणाची तयारी करत होते. समोर श्रोता म्हणून आबांची म्हैस होती आणि ती लक्षपूर्वक रवंथ करत होती.

"काका, चेसी बदलली आहे."

"कोण म्हणतं?"

"फोटो म्हणतोय. वीण वेगळी आहे."

काकांनी फोनकडे पाहिलंही नाही. "उजेडाचा खेळ असतो तो. अरे, तुला फोटो काढायला सांगितलंय, खुसपट काढायला नाही."

आबा खोरं घेऊन उसाला पाणी देत होते. पिशवी नेली आणि आणली त्यांनी, म्हणजे पहिला संशय त्यांच्यावर यायला हवा होता. यशराजने तो धाडसाने घेतला.

"आबा, त्या पिशवीतलं काय काढलंवतं का तुमी?"

"साखरपुड्याला गेलतो मी. पिशवीत पाट्या का पातेली, मला काय म्हाईत." आबांनी सरीचं तोंड फोडलं आणि पाणी पुढच्या सरीत वळवलं. "झुंबर तेवढा वैतागला हुता. म्हनला, एका पाटीनं लई ताप दिला."

"कुठल्या?"

"काळ्या, म्हनला. मंग न्हाय न्हाय म्हनला, आनि गप झाला. च्या पाजला मला. दोनदा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इंदापूरला जाणं भाग होतं.

"काकूला काय सांगायचं?" अद्वयने विचारलं.

"खोटं बोलायचं नाही," पूर्वी म्हणाली. "अर्धं बोलायचं." आणि तिने काकूंना सांगितलं की झुंबरकाकांकडून सर्जाचं थोडं काम राहिलंय. काकूंनी झुंबरकाकांच्या बायकोला फोन करून मुलं येतायत म्हणून कळवलं, सोबत शेवग्याच्या शेंगा दिल्या आणि पोचल्यावर फोन करायला बजावलं.

शनिवारी सकाळी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी मिळाली. पूर्वीचं तिकीट अर्धं होतं. पण ते लहान म्हणून अर्धं की बाई म्हणून अर्धं, हे कंडक्टरने स्पष्ट करावं असा तिचा आग्रह होता. "बाई म्हणून," कंडक्टर म्हणाले आणि पुढे सरकले. भवानीनगर येईपर्यंत ती अतिशय ताठ बसली होती.

झुंबरकाकांचं दुकान स्टँडच्या मागेच होतं. दारात एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘आईचा आशीर्वाद’ चिकटवणं चाललं होतं. ‘आईचा’ झालं होतं, ‘आशीर्वाद’ त्यांच्या खांद्यावर लोंबत होता. त्यांनी शेंगा घेतल्या, मुलांना बाकावर बसवलं आणि पाटीचं नाव निघताच ते एकदम स्टिकरच्या रोलांची मांडणी सारखी करायला लागले.

"काका, चेसीला फोड आलाय," अद्वयने फोटो पुढे केला.

"माझ्या कामात फोड? दाखव." त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ. त्यांचा चेहरा उतरला. "हं. हाय खरा. टाचणी मारून हवा काढायची आन् बोटानं दाबायचं. मी करून देतो."

"तुमच्या कामात म्हणजे?" पूर्वीने विचारलं. "तुम्ही काय केलं चेसीला?"

"कार्बन केलं. नीळकंठनंच सांगितलं की. हे ऐका." त्यांनी फोनवर साठवलेला निरोप लावला. नीळकंठकाका घाईघाईने बोलत होते: "झुंबर, बॉडीवर सर्जा टाक, झोकात. चेसी कार्बन. बाकी कशाला हात लावू नको. ये एकदा सांगवीला."

"त्यांना म्हणायचं होतं, बॉडी कार्बनच्या चेसीवर बसवून पाठवा," अद्वय म्हणाला.

"मंग तसं म्हनायचं. माझ्याकडं रोज माणसं येत्यात. बॉनेट कार्बन म्हनलं की मी बॉनेटला कार्बन करतो. आरसा कार्बन म्हनलं की आरशाला. चेसी कार्बन म्हनला, चेसीला केलं. हे बघा कार्बन." त्यांनी मागचा एक रोल ओढून पसरला. काळा, चकचकीत, चटईसारख्या विणीचा स्टिकर. वीण सरळ होती.

यशराजने सुस्कारा टाकला. टोळी नव्हती.

"पण एक पाटी आधीच काळी होती," पूर्वी म्हणाली.

झुंबरकाकांनी टेबलाखाली हात घालून, फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. काळी पाटी. तिरक्या विणीची. तिची एक बाजू पापडासारखी वर वळली होती.

"हिनं माझी लाज काढली," ते म्हणाले. "हिला कुणीतरी आधीच कार्बन करून ठिवलं हुतं. आता दुसऱ्याच्या कामावर आपलं काम चिकटवायचं, हे माझ्या धंद्यात बसत न्हाय. म्हटलं, जुनं काढू. हीट गनची गरम हवा मारली. निघंना. ब्लेड लावलं. निघंना. परत हीट गन. हिकडं बायको जेवायला हाका मारून दमली. शेवटी पाटी वाकली, पर कार्बन सुटलं न्हाय. एवढं पक्कं काम मी जल्मात बघितलं न्हाय. कुणाचं हाय? बारामतीचा हाय का अकलूजचा?"

"काका," अद्वय शक्य तितक्या हळू म्हणाला, "तो स्टिकर नाही. ती पाटीच कार्बनची आहे. आतपर्यंत."

"आतपर्यंत?"

"हो."

"म्हंजी मी जे काढत हुतो ते..."

"निघण्यासारखं काही नव्हतंच. एवढं तापवल्यावर मात्र कार्बनसुद्धा वाकला."

झुंबरकाकांनी हीट गनचं बटण बंद केलं. ती बंदच होती. "नीळकंठला कुठल्या तोंडानं सांगू म्हनून लपवली," ते म्हणाले. "मंग दुसरी पाटी घेतली. पेन्सिलीनं प्लाय लिवलेली. प्लायवर कार्बन झ्याक बसतं."

परतीच्या एसटीत वाकलेली पाटी फडक्यासकट अद्वयच्या मांडीवर होती. तिच्याकडे बघत पूर्वी म्हणाली, "म्हणजे बाबा तीन दिवस वजनावरून जे ओळखतायत..."

"ते प्लाय आहे," अद्वय म्हणाला. "आणि कालच संध्याकाळी काकांनी माहितीपत्रक छापून आणलंय, त्यावर ‘अस्सल कार्बन फायबर’. माझ्या फोटोखाली. उद्या त्या बाईंनी नुसतं नख लावलं, तर त्यांना वाटेल काका फसवतायत."

"मंग चाकण," यशराज म्हणाला.

घरी पोचताच त्यांनी काकांना सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून वाकलेली पाटी हातात दिली. काकांनी ती उलटसुलट केली आणि ते मोठ्याने हसले.

"ही कार्बन? अरे, कार्बन वाकत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. ही वाकलीय. म्हणजे ही डुप्लिकेट. झुंबरने तुमची फिरकी घेतली."

"बाबा, त्या चेसीचा कोपरा थोडा सोलून बघू या."

"उद्या मॅडम यायच्यात आणि आज तू गाडी सोलणार?" काकांनी सर्जा लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. अगदी चुकीच्या वेळी ते इतके सावध झाले होते.

अद्वय पोल्ट्रीच्या पायरीवर बसून राहिला. कपाट बंद होतं, काका ऐकत नव्हते. त्याच्या हातात फक्त फोन होता. त्याने चांगल्या फोटोंचा कप्पा उघडला. सर्जा काळ्या साडीवर, डावीकडून, उजवीकडून, सगळीकडून सुंदर आणि सगळीकडे खोटा. त्याला ते बघवेनात. मग त्याने ‘खराब’ उघडला आणि तो सरळ होऊन बसला.

"पूर्वी, इंदापूरहून पिशवी आल्यानंतर गाडी किती वेळा पडली असेल?"

"बाबा चालवत होते ना? मोजायला कुणाला वेळ होता?"

"आणि एकदा तरी मोडली?"

पूर्वीने त्याच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. मग ती थर्माकोल आणायला धावली, आणि अद्वय म्हणाला, "थर्माकोल नको. नवीन फोटो काढायचेच नाहीत."

रविवारी माधवी खरे वेळेच्या आधी आल्या. साध्या सुती ड्रेसमध्ये, पायात बूट, आणि आल्या आल्या पोल्ट्रीच्या वासाबद्दल काहीही न बोलल्यामुळे काकूंना त्या एकदम आवडल्या. काकांनी भाषण सुरू केलं. म्हशीसमोर जमलेलं भाषण माणसासमोर जरा अडखळत होतं.

"हातात घेऊन बघा, मॅडम. वजनावरूनच कळतं. अस्सल कार्बन."

"चालवून दाखवा," माधवीताई म्हणाल्या.

काका म्हणाले, "मीच चालवतो." अद्वयने डोळे मिटले.

सर्जा पोल्ट्रीच्या उतारावरून झकास निघाला, बांधावर चढला, वळला, आणखी वळला, नको इतका वळला आणि थेट उसाच्या सरीत गेला. सकाळीच आबांनी पाणी सोडलं होतं. काका चिखलात उतरले, गाडी काढून घेऊन आले आणि उन्हात सदऱ्याने पुसायला लागले. पुसता पुसता त्यांच्या अंगठ्याला काहीतरी काळं चिकटलं. त्यांनी हात झटकला. ते निघेना. त्यांनी ओढलं. चेसीचा कोपरा केळ्याच्या सालीसारखा सोलत आला आणि खाली तपकिरी लाकडावर, पूर्वीच्या वळणदार अक्षरात, शब्द दिसला: प्लाय.

माधवीताईंनी पुढे होऊन तो वाचला.

"हे कार्बन नाही," माधवीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी माहितीपत्रक घडी घालून बाजेवर ठेवलं आणि पर्स खांद्याला लावली. "माफ करा. मुलांच्या वस्तूंवर मी खोटं लिहिलेलं ठेवत नाही."

काका उभेच होते. अंगठ्याला स्टिकर, हातात गाडी, सदऱ्याला चिखल. "मॅडम, मला खरंच..." एवढंच ते म्हणाले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या आणि त्या रागावलेल्या नव्हत्या. अद्वयला ते बघवलं नाही.

"काकांनी फसवलं नाही," तो म्हणाला. ते जरा मोठ्यानेच बाहेर आलं. "काका कुणाला फसवूच शकत नाहीत. त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. आम्ही काल सांगितलं, तरी कळलं नाही."

"अद्वय," काका क्षीणपणे म्हणाले.

"आणि ते माहितीपत्रक बघू नका. हे बघा." त्याने फोन पुढे केला. "हे खराब फोटो आहेत."

माधवीताई फोनकडे बघत राहिल्या. पर्स खांद्यावरच होती.

"ही कुठून पडतेय?"

"ट्रॉलीवरून."

"मुद्दाम टाकली?"

"नाही. काका चालवत होते."

"आणि ही?"

"हौदावरनं," यशराज म्हणाला. "आनि ही आमच्या आबाच्या बुलेटखाली. आबा थांबलं न्हाईत, त्यास्नी दिसलंच न्हाय."

"मला आत्ता कळतंय," आबा मागून म्हणाले.

"चालवणारे हेच?"

"दरवेळी," पूर्वी म्हणाली. "याच्याहून कडक परीक्षा कुठल्याच कारखान्यात होत नसेल. आणि प्रत्येक वेळी खाली हीच प्लायची पाटी होती. चीरसुद्धा गेली नाही."

अद्वयने वाकलेली कार्बनची पाटी आणून दिली आणि झुंबरकाकांनी ती कशी सोलायला घेतली, ते सांगितलं. माधवीताईंनी ओठ दाबून धरले होते. ‘बायको हाका मारून दमली’ इथे मात्र त्या बाजेवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पर्स खांद्यावरून घसरून खाली आली, ती त्यांनी उचलली नाही.

"समजा, ही पाटी मोडली," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि ज्याच्याकडे गाडी आहे तो मुलगा तुमच्याएवढा आहे. तो काय करेल?"

"हार्डवेअरच्या दुकानात प्लायचा तुकडा मिळतो," अद्वय म्हणाला. "जुनी पाटी वर ठेवून पेन्सिलीने आकार काढायचा आणि कापायचा."

"करवत आमच्या आबाची हाय," यशराज म्हणाला. ज्याच्याकडे आबा नाहीत त्याने काय करायचं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

"आणि कार्बनची मोडली तर?"

अद्वयने काकांकडे पाहिलं. काकांनी हातातल्या गाडीकडे पाहिलं, मग अंगठ्याचा स्टिकर हळूच सोलून काढला. "तर तो मुलगा मला पत्र लिहील आणि वाट बघत बसेल," ते म्हणाले. "आणि मुलांनी स्वतः दुरुस्त करावी, म्हणून तर मी..." ते थांबले. "प्लाय, मॅडम. प्लायच पाहिजे. मी ती नुसती तुलनेसाठी ठेवली होती."

"खोक्यावर प्लाय असंच लिहायचं. मोठ्या अक्षरांत," माधवीताई म्हणाल्या. "आणि फोटो हा." त्यांनी बोट ठेवलेल्या फोटोत सर्जा हवेत उलटा होता, चारही चाकं वर, मागे हललेले काका तोंड उघडून पळत येत होते. "यापुढे एकही चांगला फोटो काढू नकोस," त्या अद्वयला म्हणाल्या.

काकूंनी कुणालाही न विचारता चहा ठेवला. ‘सोमवार’ हा शब्द त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी आबांनी तिघांना हाक मारून समोर बसवलं आणि पंचायतीत बोलतात तशा आवाजात सांगितलं, "पोरांनो, आज नीळकंठरावाची लाज तुमी राखली. मोठ्यांनी बघितलं न्हाय ते तुमी बघितलं." यशराजला ही वेळ बुलेटला हात लावायची परवानगी मागण्याजोगी वाटली. ती मिळाली नाही.

काका अद्वयच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. त्यांनी बराच वेळ काही शोधत असल्यासारखा खिसा चाचपला.

"डिलीट कर म्हटलं होतं मी तुला," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"बरं झालं ऐकलं नाहीस. उद्यापासून माझं काही पटलं नाही तर खुशाल खुसपट काढ." मग त्यांनी खिशातून एक स्क्रू काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "हा कशाचा उरला असेल?"

अद्वयने तो उजेडात धरला आणि विचार करायला लागला.

दिवाळीपर्यंत सर्जा दुकानांत आला. खोक्यावर उलटी गाडी आहे, मागे काका आहेत आणि मोठ्या अक्षरांत ‘अस्सल प्लायवूड’ असं लिहिलं आहे. पाटीला पाणी लागू नये म्हणून आत झुंबरकाकांच्या दुकानातला कार्बनचा एक स्टिकर दिलेला असतो. तो लावायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचं. सगळे लावतात. आतापर्यंत तक्रार एकच आली आहे: कोपऱ्यात फोड येतो.